भिंतीला हात लावा, साहेब

ती भिंत तुम्ही पाडलीत.

तुम्ही तिला हात लावला नाहीत, हे खरं. तेच तर सगळं दुखणं आहे. गाडीतून उतरलात, बुटाला चिखल लागू नये म्हणून दगड शोधत शोधत पाय टाकलेत, भिंतीपासून दोन हात लांब थांबलात आणि बोललात. त्या बोलण्याने भिंत पडली. आणि नंतर कचेरीत पंख्याखाली बसून म्हणालात, मातीची होती, पडणारच. थोडी लाज वाटू द्या. भिंत कशी उभी राहिली आणि कशी पडली ते आधी ऐकून घ्या. आणि मध्ये तोंड घालू नका. बोलायचं तेव्हा पुष्कळ बोललात.

पाऊसकाळ सरता सरता नदी गावात शिरली. भात अगदी कापणीला आलेलं. पाणी उतरलं तेव्हा शेत गाळाखाली आडवं झालं होतं आणि घराघरांच्या मागच्या भिंती अंगणात पसरल्या होत्या. पडल्या म्हणणं चूक. पडलेल्या भिंतीचे निदान तुकडे राहतात. या विरघळल्या. बाजेचे पाय, पाट, एक हंडा, सगळं त्या चिखलात रुतून बसलेलं.

या घरचा सासरा दारात आला आणि मागच्या भिंतीच्या जागी आकाश बघून मटकन खाली बसला. नवरा पत्र्यांखाली दबलेले वासे ओढायला लागला. तो बोलणारा माणूस नव्हताच. त्याचा राग हातात उतरायचा. आणि सून मात्र सरळ चुलीकडे गेली.

गावात तिला चुलवालीच म्हणत. कोणाच्या घरी चूल धुरायला लागली, कोणाचा संसार वेगळा झाला, की हिला बोलावणं. तिने घातलेली चूल वर्षानुवर्षं तडकत नाही, असा लौकिक. हाताला गुण होता आणि तोंडाला धार होती. लोक एकासाठी दुसरं सोसत.

चूल उभी होती. कडा मऊ झालेल्या, एक कान थोडा झिजलेला. बाकी जशीच्या तशी. कमरेएवढ्या पाण्यात ती बसून होती आणि हातभर जाडीच्या भिंती वाहून गेल्या होत्या. चुलवालीने तिच्या अंगावरून बोट फिरवलं, नखाने जरा खरवडलं. आतून भुश्याची काडी वर आली. पिवळी. कोरडी नव्हती, पण कुजलीही नव्हती.

"अहो, इकडे या."

"काय आहे?"

"चूल बघा."

"भिंती गेल्या आणि तुला चुलीचं पडलंय?" नवरा वासा खांद्यावर घेऊन तसाच पुढे गेला.

तिने त्याला परत हाक मारली नाही. पण ती काडी तिच्या डोक्यात रुतली ती रुतलीच.

पुढे कसंबसं भात कापलं. गाळात माखलेल्या लोंब्या, निम्म्या पोचट. मळणीत हाताला दाण्यापेक्षा माती जास्त लागली. आणि मागे राहिला पेंढ्याचा डोंगर. एरवी जनावरं खातात, या वर्षी गाळ बसलेला, वास मारणारा पेंढा म्हशीने हुंगला आणि मान फिरवली. बांधाबांधावर असे ढीग. हे हटवल्याशिवाय पुढची पेरणी नाही. एरवी काडी लावली असती, संध्याकाळपर्यंत रान मोकळं.

त्याच दिवसांत तुमची गाडी आली, डोक्यावर भोंगा घेऊन. भोंगा म्हणाला, पेंढा जाळाल तर खबरदार, हवा खराब होते, कारवाई होईल. गाडी पुढच्या वळणावर गेली आणि भोंगा म्हणाला, ज्यांची घरं पुरात गेली त्यांनी पुढच्या पावसाच्या आत पक्क्या भिंती उभ्या कराव्यात. ज्याची पक्की भिंत दिसणार नाही त्याची गावातली जागा रिकामी धरण्यात येईल आणि त्याला माळावरच्या पत्र्याच्या खोलीत हलवण्यात येईल. एकच भोंगा, एकच आवाज. चुलवाली तेव्हा पेंढ्याच्या ढिगावर उभी होती. दोन्ही गोष्टी तिने तिथूनच ऐकल्या.

माळावरच्या खोल्या त्या घराने पाहिल्या होत्या. सासऱ्याची बहीण तिकडे गेली होती. चहूकडून पत्रा, वर पत्रा. दुपारी आत माणूस भाजून निघे. पाण्याला खाली उतरायचं, शेताला खाली उतरायचं, आणि संध्याकाळी थकल्या पायांनी परत चढायचं. बहिणीकडून आल्यावर सासरा म्हणाला होता, "मला तिकडे नेलंत तर माझी बाज मधेच कुठेतरी ठेवा. माझे गुडघे पुढे यायचे नाहीत." सांगून हसला होता. त्याच्या हसण्यावर कोणी हसलं नव्हतं.

पक्क्या भिंतीचं सामान आणायची या घराची ऐपत नव्हती. तेवढं सांगितलं म्हणजे पुरे. तुम्हाला ठाऊक आहेच. ठाऊक असूनच भोंगा लावलात.

"भिंत मीच घालते," चुलवाली रात्री भाकऱ्या थापता थापता नव्हे, भर दुपारी, खळ्यावर, सगळ्यांच्या देखत म्हणाली. "या पेंढ्याची आणि आपल्याच अंगणातल्या मातीची."

सासरा बाजेवरून म्हणाला, "अगं, चूल एवढीशी असते. भिंत म्हणजे काय मोठी चूल का?"

"मामंजी, लहान चूल पुरात राहिली. तुमची मोठी भिंत गेली."

"माझ्या हातची होती ती. तोलात होती."

"होती ना तोलात. तोलातच गेली."

म्हातारा त्या पडक्या जागेकडे बघायला लागला. भिंतीत भुसा घालायचा नसतो, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घालायचा असतो, असंही सांगितलं नव्हतं. चुली बायका घालत, भिंती पुरुष घालत, आणि एकाचं दुसऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. बस्, एवढंच कारण. एवढ्या कारणापायी सगळ्या गावाच्या भिंती वाहून गेल्या.

अंगणात खड्डा खणला. चिकण माती फोडून, भिजवून त्यात टाकली. नवरा पेंढ्याचे भारे आणून टाकी आणि ती ओंडक्यावर धरून कोयत्याने तुकडे करी. पहिल्या दिवशीच तळहात सोलवटले. चिखलात उतरून तुडवायला लागलं की पेंढ्याची टोकं पोटऱ्यांना ओरबाडत; संध्याकाळी पाय धुताना पाणी लागलं की दोघांच्याही तोंडून एकदमच "स्स" निघे.

आणि जमेना. चुलीचं प्रमाण भिंतीला लागेना. पहिल्यांदा घातलेला थर वाळताना असा तडकला की भेगेत बोट जावं. मग तिने वाळू वाढवली, तर हाताने घासलं की भुगा पडायला लागला. मग पेंढा वाढवला, तर थर फुगून बसला, ओठ सुजल्यासारखा. प्रत्येक वेळी नवरा काही न बोलता पहार घेई, थर पाडी, माती परत खड्ड्यात ढकली. त्याचं ते न बोलणं तिला शिव्यांपेक्षा लागे.

"बोला की हो काहीतरी! बिनडोक म्हणा."

"म्हणून थर टिकणार आहे का?"

"नाही."

"मग तुडव."

गवंडी यायचा बघायला. नात्याने तिचा चुलत दीर. त्याच्याकडे त्या वर्षी कामाचा पूर आला होता. ज्यांना परवडलं त्यांच्या भिंती तोच घालत होता. थापी कमरेला, पान गालात.

"वहिनी, यात हळद-मीठ टाकलंत का?"

"तुमच्या वाटणीचं ठेवलंय भावजी. चव बघायला या आत."

"नको बाई. माझे पाय सिमेंटचे झालेत, विरघळायचे."

पण जाता जाता तो एकदा थांबला आणि त्याने एक उपयोगाची गोष्ट सांगितली. खालून दगडाचं जोतं घ्या, म्हणाला. कसलीही भिंत असो, पाणी आधी तिच्या पायाशी येतं. सांगितलं आणि लगेच, आपण फार चांगलं वागलो असं वाटून की काय, घाईने निघून गेला. नदीकाठचे दगड नवऱ्याने डोक्यावरून आणले. मानेवर घट्टे पडले.

अखेर एक थर जमला. कसा जमला हे तिला नीट सांगता आलं नसतं. पेंढा आधी भिजवून ठेवलेला, माती रात्रभर मुरलेली, वाळू थोडी. पायाला कळलं. तुडवताना चिखल पायाला चिकटून वर येईनासा झाला आणि तरी पायाखाली फाटेना. हाच, ती म्हणाली. घमेली भरभरून जोत्यावर थर चढला. तो आंबेपर्यंत, म्हणजे वरून टणक होईपर्यंत, थांबायचं, मग दुसरा. घाई करता येत नव्हती. भिंत आपल्या वेळेने वर येत होती, पिकासारखी.

आणि खरोखरच पिकासारखी आली. गुडघाभर भिंत झाली असेल, एका सकाळी सासरा बाजेवरून ओरडला, "अगं सूनबाई, भिंत उगवली!"

मळणी नीट झालेलीच नव्हती. पेंढ्यात दाणे राहिलेले. ओल मिळाली, ऊब मिळाली, भिंतीतून हिरवे कोंब बाहेर आले. भर भिंतीला नुसती दाढी.

गावाला आयतंच मिळालं. पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या, काय गं, भिंतीची कापणी कधी? खत कोणतं टाकलंस? कोणी म्हणालं, म्हैस बांधा तिथे, दोन्ही कामं होतील. नवरा चार दिवस दुकानाकडे फिरकला नाही. एकदा गेला तर बाकावरच्या टोळक्याने, जणू पायाखाली पीक उगवलंय अशा थाटात, पाय उचलून त्याला वाट करून दिली. तो तंबाखू न घेताच परत आला आणि कोंब उपटायला लागला.

"उपटू नका," ती म्हणाली. "थर हलेल. भिंत वाळली की तेही वाळतील. पाण्याशिवाय कुठवर जगणार?"

"तोपर्यंत मी कुठे तोंड लपवू?"

"माझ्यामागे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या खांद्याएवढीही नव्हती. तो हसला. पुरानंतर पहिल्यांदा हसला. कोंब पुढे पिवळे पडले, वाळले, हात फिरवल्यावर गळून गेले. भिंत छातीपर्यंत आली, डोक्यावर गेली. शेतातला पेंढ्याचा ढीग निम्मा झाला आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यात तिने हरभरा टाकलासुद्धा.

मग तुम्ही आलात.

तुमचा स्वभाव वाईट नाही, हे सांगायला हवं. म्हाताऱ्याला 'बाबा' म्हणालात, पाणी दिलं ते प्यालात. भिंत बघितलीत, लांबून. म्हणालात, "मातीची आहे."

"पेंढा आहे आत, साहेब. हात लावून बघा."

"हो, पण मातीचीच ना? ही मला पक्की धरता येत नाही." आणि मग, चाललेल्या माणसाला वाट दाखवावी तसं, सहज म्हणालात, "असं करा, वरून सिमेंटचा गिलावा मारून घ्या. दोन्ही बाजूंनी. दिसायला पक्की दिसली म्हणजे झालं. मी परत आलो की बघू."

दिसायला पक्की. हे तुमचेच शब्द. ते या घराच्या कानात अजून आहेत.

तुमची गाडी वळली आणि नवरा गवंड्याकडे निघाला. चुलवालीने त्याचा हात धरला.

"भिंत अजून ओली आहे."

"कुठे ओली? बघ, टणक आहे."

"वरून. आत गार लागते. चूल मी ओली असताना कधी सारवून बंद करत नाही. आधी वारा लागू देते."

"चूल, चूल! साहेब गिलावा म्हणाला. गिलावा झाला की जागा राहते. एवढं तरी कळतं का तुला?"

सासराही म्हणाला, "बाई गं, तुझं खरं असेल. पण तो सहीचा धनी आहे."

ती अडून बसली असती तर? हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. अडायचा तिचा स्वभाव होता, सगळं गाव साक्षी आहे. पण त्या दिवशी तिलाही मोह पडला. करड्या रंगाची, गुळगुळीत, चारचौघांसारखी भिंत. पाणवठ्यावरच्या बायकांची तोंडं बंद. तिने हात सोडला. एवढंच नव्हे, गवंड्याने दुसऱ्या कामावरचं उरलेलं सिमेंट दिलं तेव्हा घमेलं उचलून त्याच्या हाताखाली तीच उभी राहिली. आत बाहेर दोन्हीकडून त्यांनी भिंतीला ते करडं कातडं चढवलं. गवंड्याने फळी फिरवली, लांब जाऊन डोळा मिटून पाहिलं.

"घ्या वहिनी. आता हिला कोणी माती म्हणून दाखवा."

पत्रे चढले. म्हाताऱ्याची बाज त्या भिंतीला लागून टाकली, गार लागते म्हणून. काही दिवस सगळं छान होतं. घरात उगाचच सगळे हळू बोलत, पाहुण्याच्या घरी आल्यासारखे.

मग वास यायला लागला. आधी वाटलं उंदीर मेला. बाज हलवून पाहिलं, कोपरे झाडले. आंबूस, कुबट वास, उकिरडा उकरल्यावर येतो तसा. चुलवाली नाक भिंतीला लावून उभी राहिली. वास भिंतीच्या आतूनच येत होता. ती कोणाला काही बोलली नाही. बोलून काय करणार होती? मग गिलाव्याला पोट आलं. बारीकशी फुगवटी, तळहाताएवढी, मग पाठीएवढी.

भर दुपारी भिंत गेली. चुलवाली हरभऱ्यात खुरपत होती. धप्प असा आवाज आला, पोतं टाकल्यासारखा, आणि मागून पत्र्यांचा खडखडाट. ती धावली. चपला बांधावरच राहिल्या. अंगणात धुरळा आणि त्या धुरळ्यात सासरा धोतर सावरत उभा. बाज दिसतच नव्हती.

"मुतायला उठलो होतो," म्हातारा म्हणाला. "या वयात सारखं लागतं म्हणून वैतागायचो. आता नाही वैतागणार." सुनेने त्याला धरून ओट्यावर बसवलं. तो हलका झाला होता, रिकाम्या कणगीसारखा.

नवरा आला, ढिगाऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने गिलाव्याचा एक मोठा तुकडा उलटा केला. सिमेंट सलग होतं, धड. त्याच्या पोटाला चिकटून काळा, सडलेला, शेवाळलेला पेंढा. ओल बाहेर पडायला दोन्हीकडून वाट नव्हती. मुठीत धरला तर पाणी गळलं.

त्याने तो तुकडा खाली ठेवला. "मी ऐकलं नाही तुझं," म्हणाला.

"मी तरी माझं कुठे ऐकलं?"

तुम्ही आलात आणि ढिगाऱ्याकडे बघून मान हलवलीत. "मी म्हणत होतो, माती ती मातीच."

चुलवालीने तो उलटा तुकडा तुमच्या पुढ्यात आणून ठेवला. "साहेब, माती नव्हती पडत. तुम्ही सांगितलेल्या गिलाव्याने कोंडून मारली."

"मी फक्त सुचवलं होतं."

"तुम्ही सुचवलंत म्हणजे आमच्यासाठी ते काय असतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

तुम्ही घाम पुसलात. "बाई, मलाही वरून विचारतात. पाऊस लागायच्या आत चारी भिंती उभ्या दिसल्या तर ठीक, नाहीतर मला नाइलाज आहे. माळावर जा, तिथे डोक्यावर निदान पडायचं नाही काही." आणि गेलात. तुमच्या आवाजात दया होती. दयेचा राग शिवीच्या रागापेक्षा जास्त दिवस टिकतो, हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलवाली उठली ती फावडं घेऊन. सडलेला पेंढा निवडून एकीकडे, सिमेंटचे तुकडे दुसरीकडे, माती परत खड्ड्यात. माती काही बिघडत नाही. हजारदा पाडा, हजारदा भिजवा, ती परत कामाला तयार. नवऱ्याने न विचारता पाणी ओतायला घेतलं.

"वेळ पुरेल का?" त्याने विचारलं.

"उन्हाळा आपला आहे. ऊन त्यांच्या कचेरीत जमा होत नाही."

पण हात कमी पडत होते, आणि उरलेला पेंढाही पुरेसा नव्हता. मग शेजारीण आली. पाणवठ्यावर सगळ्यात मोठ्याने हसणारी हीच. डोक्यावर पेंढ्याचा भारा.

"जाळू देत नाहीत मेले, आणि रान अडवून बसलाय," ती भारा टाकत म्हणाली. "तुझ्या भिंतीला घाल, नाहीतर तुझ्या नवऱ्याला घाल. माझं रान मोकळं कर."

"नवऱ्याला कशाला, भिंतीपाशी म्हैस बांधा म्हणतातच लोक."

"मीच म्हणाले होते ते. ये, कोयता दे इकडे."

तिच्यामागून आणखी दोघीतिघी. त्यांच्याही घरांची एकेक बाजू उघडी होती. त्याही भोंग्याच्या हिशेबात होत्या. त्या मदतीला आल्या नव्हत्या, बघायला आल्या होत्या की जमतं का. जमलं तर आपल्याकडेही. चुलवालीला ते कळत होतं आणि त्याचं तिला बरंच वाटलं. फुकटच्या दयेपेक्षा गरजेने आलेला हात घट्ट धरतो.

एक दिवस सासरा बाजेवरून उठला आणि काठी टेकत खड्ड्याच्या काठाशी आला.

"मामंजी, सरका. घसराल."

"दोर बांध त्या खुंटाला. मी धरून उभा राहतो. गुडघे गेलेत, तळवे नाही गेले."

त्याला आत उतरवलं. दोर धरून म्हातारा जागच्या जागी पाय हलवायला लागला, हळूहळू, डोळे मिटून. चिखल पोटरीपर्यंत. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "हं. हे वेगळंच आहे गं. आमच्या गाऱ्यात पाय असा धरून नाही ठेवायचं काही." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"नाही विचारलं," म्हातारा म्हणाला, आणि तुडवत राहिला.

या वेळी पेंढा बारीक कापला, उन्हात झोडपून दाणा काढला. तरी दोनचार कोंब आलेच. बायका त्यांना हळदीकुंकू लावायच्या गोष्टी करून हसल्या. जोतं हातभर उंच घेतलं. छपराची पाखी लांब काढायची ठरली, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून. ते गवंड्याने येऊन सांगितलं, कोणी बोलावलं नव्हतं. ओळंबा सोडून त्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, जिथे पोट होतं तिथे पहारीने तासून सरळ केली. तासताना पहार टणटण वाजत होती.

"गिलावा?" त्याने विचारलं, आणि स्वतःच जीभ चावली.

"मातीचा," चुलवाली म्हणाली. "तोही सावकाश. अंगात श्वास राहू दे तिच्या."

उन्हाचे दिवस आले. भिंतीला आतून बाहेरून वारा लागला. चुलवाली रोज सकाळी तिला गाल लावून बघे. आधी गार, मग कमी गार, मग एके दिवशी नुसती कोमट, माणसाच्या पाठीसारखी. ती आत गेली आणि चहा टाकला.

वासे चढवायच्या दिवशी सगळे खाली उभे. वासा भिंतीवर टेकला, मग दुसरा, मग पत्रे. भिंतीने हूं की चूं केलं नाही. गवंडी वर बसूनच म्हणाला, "वहिनी, उडी मारू का?"

"मारा. पडलात तर भिंतीला बोल लावू नका."

त्याने वाशांवर उभं राहून खरंच दोनदा टाच आपटली.

आणि मग सासऱ्याने नवऱ्याला हाक मारली. "माझी बाज आण."

नवी बाज विणून झाली होती. नवऱ्याने ती पुढच्या भिंतीकडे नेली, पुरातून वाचलेल्या जुन्या भिंतीकडे.

"तिथे नाही. तिकडे."

"बाबा, ती भिंत—"

"तिकडे म्हटलं ना. होती तिथेच."

शेजारणीने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. चुलवालीने स्वतः बाजेची एक कड उचलली. त्यांनी ती नव्या भिंतीला लावून टाकली. म्हातारा बसला, पाय वर घेतले, भिंतीकडे पाठ केली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचं घोरणं सुरू झालं. तेव्हा कुठे शेजारणीने पदर तोंडावरून काढला.

आज तुम्ही परत आलात. आज तुमच्या गाडीमागे सामान हलवायचा ट्रक आहे, माळावर न्यायला. अंगणात सगळ्या उभ्या आहेत, ज्यांच्या भिंती अर्ध्यावर आहेत त्या, आणि ज्यांचा पेंढा अजून बांधावर पडलाय त्याही. इथे काय ठरतं त्यावर त्यांचं ठरणार आहे. तुम्ही परत दगड शोधत आलात, परत दोन हात लांब थांबलात. वास घेतलात, वास नाही. वर बघितलंत, पत्रे जागेवर आहेत. आत बघितलंत, म्हातारा झोपलाय.

"मातीचीच आहे," तुम्ही हळूच म्हणालात. पण या वेळी ते सांगितल्यासारखं नव्हतं, विचारल्यासारखं होतं.

चुलवाली पुढे झाली. हात अजून चिखलाचे, पोटऱ्यांवर ओरखडे. तुमच्या आणि भिंतीच्या मधे जे दोन हात अंतर होतं त्यात ती उभी राहिली, मग बाजूला झाली आणि वाट मोकळी केली.

"साहेब, पेंढा जाळू नका म्हणालात, नाही जाळला. भिंत बांधा म्हणालात, बांधली. गिलावा करा म्हणालात, केला, आणि सासरा मरता मरता वाचला. आता आमचं तुम्हाला एकच सांगणं आहे. या, हात लावा. दाबा, थोपटा, पाठ टेका. पाहिजे तर पहार देते, मारून बघा. म्हाताऱ्याला उठवू नका एवढंच. आणि मग ट्रककडे नाही, वर कचेरीकडेही नाही, माझ्याकडे बघून सांगा."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. तुमचा हात खिशातच होता.

"सांगा साहेब. ही भिंत आहे की नाही?"